चिलटाचा डोळा आणि न सुटणारी मूठ

केळी जरा जास्त पिकली की ती कुठून येतात देव जाणे! टोपलीवर फडकं टाका, खिडकी लावून घ्या, काहीही करा. संध्याकाळपर्यंत चार-दोन चिलटं घिरट्या घालायला लागलेली असतातच. पुस्तकात या किड्याला 'फळमाशी' म्हणतात. पण कोकणातल्या बागायतदाराला फळमाशी म्हटलं की आंबा नासवणारी, सापळे लावून धरावी लागणारी माशी आठवते. ती वेगळी. आज जिच्याबद्दल लिहायचंय ती ही आपली घरगुती, जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगास्टर. अर्थ लावला तर 'काळ्या पोटाची दवप्रेमी'. इतकं देखणं नाव, आणि आपण तिला चिलट म्हणून हाकलतो.

या चिलटाची आणि माणसाच्या स्नायूंच्या एका आजाराची गोष्ट सांगायची आहे. दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमाराला, एकमेकींची काहीही ओळख नसताना सुरू झाल्या. मध्ये एकदा त्या एकमेकींच्या आड आल्या. आणि नव्वद वर्षांनी अगदी अनपेक्षित जागी भेटल्या.

आधी आजाराकडे बघू. त्याचं नाव मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. १९०९ साली जर्मनीत हान्स स्टाइनर्ट यांनी त्याचं नीट वर्णन केलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॅटन आणि गिब या डॉक्टरांनीही केलं. यात स्नायू हळूहळू झिजतात, पण नुसतं तेवढंच नाही. या आजाराची खूण म्हणजे न सुटणारी मूठ. माणूस हस्तांदोलन करतो आणि मग समोरच्याचा हात त्याला लवकर सोडताच येत नाही. भांड्याची कडी घट्ट धरली की बोटं उलगडायला काही सेकंद लागतात. दुबळेपणा आणि पकड न सुटणं या दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी एकाच हातात. शिवाय पापण्या जड, चेहरा ओढलेला, दिवसा झोप, हृदयाच्या ठोक्यांत गडबड आणि तरुण वयात मोतीबिंदू. जुन्या अंदाजानुसार साधारण ८००० माणसांत एकाला हा आजार असतो. म्हणजे दुर्मिळ, पण अगदी ऐकिवातही नसावा इतका नाही.

आता या यादीतला मोतीबिंदू लक्षात ठेवा.

१९१८ साली ब्रूनो फ्लाइशर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी या रुग्णांच्या वंशावळी काढल्या. डोळ्यांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळेही विचारात घेतले. त्यांना दिसलं ते असं, की आधीच्या पिढ्यांत नुसता मोतीबिंदू. हात-पाय ठणठणीत. पुढच्या पिढीत मात्र पकड न सुटणं, स्नायू झिजणं, आणि तेही ऐन उमेदीत. आज आपल्याला माहीत आहे की त्याही पुढच्या पिढीत कधीकधी मूल जन्मतःच लुळं असतं, त्याला दूध ओढता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो. आजी, आई, बाळ. प्रत्येक पायरीवर आजार अलीकडे सरकतो आणि जास्त दुष्ट होतो. इंग्रजीत याला 'अँटिसिपेशन' असा शब्द आहे. आपल्याकडच्या एखाद्या आजीने एवढंच म्हटलं असतं, "आमच्यात हे पिढीगणिक वाढतच चाललंय बाई."

पण हे शास्त्राला पटेना. का पटेना, याचं उत्तर गंमतशीर आहे, कारण त्यात आपलं चिलट येतं.

स्टाइनर्ट यांचा निबंध आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या चिलटांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्यांची खोली सोळा बाय तेवीस फुटांची. तिच्यात टेबलं दाटीवाटीने लावलेली, दुधाच्या बाटल्यांमध्ये चिलटं वाढवलेली, आणि त्यांना खायला केळी! (त्या खोलीचा वास काय असेल याची कल्पना करा.) 'फ्लाय रूम' या नावाने ती पुढे जगप्रसिद्ध झाली. चिलटाची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते. माणसाच्या तीन पिढ्या बघायला डॉक्टरचं अख्खं आयुष्य पुरत नाही, चिलटाच्या तीन पिढ्या महिना-सव्वा महिन्यात बघून होतात. त्या बाटल्यांमधून मॉर्गन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात, ते ठरावीक जागी असतात आणि त्यांचा नकाशा काढता येतो. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल मिळालं.

या साऱ्या कामातून जनुकाचं जे चित्र लोकांच्या मनात बसलं ते स्थिर वस्तूचं होतं. जनुक म्हणजे माळेतला मणी. आईकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. क्वचित बदलतो, पण बदलला तर एकदाच, आणि मग तोच बदल पुढे चालू. जो मणी दर पिढीत आपोआप आणखी बिघडत जातो, असा मणी या चित्रात बसत नव्हता.

१९४८ साली लायनेल पेनरोज या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी या विषयावर एक निबंध लिहिला. पेनरोज म्हणजे अतिशय सावध, आकड्यांत पक्का माणूस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे पिढीगणिक वाढणं बहुतांशी आपल्या बघण्याच्या पद्धतीतून येतं. डॉक्टरकडे येतात ती लहान वयातच खूप आजारी पडलेली मुलं. त्यांच्या आईवडिलांना आजार सौम्यच असणार, कारण तो तीव्र असता तर त्यांचं लग्न, मूलबाळ झालंच नसतं. म्हणजे निवडच अशी होते, की आईबाप सौम्य आणि मूल तीव्र.

युक्तिवाद बिनतोड होता. आणि पेनरोज यांना आज मूर्खात काढणं सोपं असलं तरी ते अन्यायाचं होईल. 'घराणं पिढीगणिक ऱ्हास पावतं' ही कल्पना त्या काळात फार वाईट लोकांच्या हातात होती. तिचा वापर करून माणसांना कमअस्सल ठरवलं जात होतं, त्यांची सक्तीने नसबंदी होत होती. पेनरोज त्या सुप्रजननवाल्यांचे कट्टर विरोधक. त्यांच्या सावधगिरीमागे सचोटी होती. पण परिणाम काय झाला? पुढची चाळीसेक वर्षं कुटुंबं डॉक्टरांना जे सांगत होती, ते बहुतेक आनुवंशशास्त्रज्ञांच्या लेखी आभासच राहिलं.

१९९२ उजाडलं. त्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी या आजाराचं मूळ शोधून काढलं. माणसाच्या १९ व्या गुणसूत्रावर, डीएमपीके नावाच्या जनुकाच्या शेपटाकडे, सीटीजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. आपल्यापैकी बहुतेकांत ती ५ ते ३५ वेळा असतात. आजाराच्या घरात ५० च्या पुढे, कधी शेकड्यांनी, तर कधी हजारांच्या घरात. आणि मुख्य म्हणजे ही संख्या स्थिर नसते! नक्कल करताना यंत्र त्या जागी अडखळतं आणि पुढच्या पिढीला बहुधा आधीपेक्षा जास्त आवर्तनं मिळतात. आजीकडे थोडी, म्हणून नुसता मोतीबिंदू. आईकडे काहीशे, म्हणून न सुटणारी मूठ. बाळाकडे हजाराहून जास्त.

फ्लाइशर यांच्या वंशावळी खऱ्या होत्या. कुटुंबं खरं सांगत होती. पुराव्याला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

पण इथे नवीनच कोडं उभं राहिलं. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. ही जास्तीची अक्षरं त्या कृतीत नव्हतीच, कृती संपल्यावरच्या मोकळ्या जागेत होती. पाककृतीच्या खाली कुणीतरी 'तीळ तीळ तीळ' असं हजार वेळा लिहून ठेवावं तसं. पदार्थ त्याने का बिघडावा? आणि एकाच चुकीतून डोळा, हृदय, स्नायू, झोप असं सगळंच कसं बिघडावं? १९९५ मध्ये एक धागा मिळाला. त्या जनुकाची आरएनए प्रत, म्हणजे पेशीने वाचायला काढलेली नक्कल, पेशीकेंद्रातून बाहेरच पडत नाही, तिथेच तिच्या गाठी होऊन बसतात असं दिसलं. पण गाठींनी अडतं काय?

आता पुन्हा चिलटाकडे येऊ. १९९७ साली जर्मनीतला हायडेलबर्ग आणि स्पेनमधला व्हॅलेन्सिया इथल्या संशोधकांनी चिलटातल्या एका नव्या जनुकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचा प्रश्न माणसाच्या आजाराचा नव्हताच. चिलटाच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी नीट घडतात कशा, एवढाच प्रश्न. हे जनुक बिघडलं की त्या पेशी अर्धवट राहतात. पुढच्या वर्षी दिसलं की स्नायूंची बांधणीही बिघडते. स्नायूंचे तंतू ज्या आडव्या पट्ट्यांना बांधलेले असतात त्या पट्ट्याच नीट होत नाहीत. जनुकाचं नाव ठेवलं 'मसलब्लाइंड'. नावातच स्नायूही आले आणि अंधत्वही. (चिलटवाल्यांना नावं ठेवायची भारी हौस, हे जाता जाता सांगायला हवं.)

आणि मग २००० साल. फ्लोरिडातला मॉरिस स्वॉन्सन यांचा गट मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या त्या लांबलचक आरएनएला कोणती प्रथिनं चिकटतात ते शोधत होता. लांबलेला आरएनए स्वतःवरच दुमडतो, केसांच्या आकड्यासारखा. त्या आकड्याला माणसाच्या पेशीतलं एक प्रथिन घट्ट चिकटलेलं सापडलं. हे प्रथिन कोणासारखं आहे हे पाहायला गेले तर ते निघालं चिलटाच्या मसलब्लाइंडचं माणसातलं भावंड!

डोळा आणि स्नायू. १९१८ च्या वंशावळीत हीच जोडी होती आणि १९९७ च्या चिलटातही हीच. इथे जरा हात आखडता घ्यायला हवा. चिलटाला मोतीबिंदू होत नाही, तिचा डोळा शेकडो भिंगांचा, आपल्याहून पार वेगळा. तेव्हा नावाचं जुळणं थोडा योगायोगच. पण खालचं यंत्र खरंच एक होतं.

ते यंत्र काय हे आपल्या भाषेत सांगतो. शिंप्याच्या मोठ्या दुकानात एक कटिंग मास्टर असतो. कापड तेच, पण कुणासाठी काय बेतायचं हे तो ठरवतो. पेशीतही आरएनएचं कापड आधी कापून, तुकडे जोडून मगच वापरलं जातं. मसलब्लाइंड हा तिथला मास्टर. मूल वाढून मोठं होतं तसे कपड्यांचे माप बदलणं हे त्याचं काम. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत तो त्या लांबलचक आरएनएच्या आकड्यांत अडकून पडतो. दुकान चालू, पण मास्टर नाही. मग मोठ्या माणसाच्या शरीरात गर्भातल्या मापाचे कपडे शिवले जातात. २००२ साली दाखवलं गेलं की स्नायूतली क्लोराइडची वाट, जी आकुंचनानंतर स्नायूला शांत करते, तीच या चुकीच्या बेतण्यामुळे नीट बनत नाही. म्हणून मूठ सुटत नाही. २००३ साली उंदरांमध्ये मूळ आजाराचं जनुक तसंच ठेवून फक्त एक मसलब्लाइंड निकामी केलं. त्या उंदरांचे स्नायू आखडायला लागले. आणि त्यांना मोतीबिंदू झाला.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. फ्लाइशर यांच्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे आठवत होते.

त्यानंतर चिलटाचं काम वाढलं. माणसातली ती लांब अक्षरमाळ चिलटाच्या स्नायूंत किंवा डोळ्यांत घालायची आणि काय होतं ते बघायचं. सुरुवातीलाच अडचण आली. २००५ च्या एका प्रयोगात १६२ आवर्तनांपर्यंतची माळ घातली, पेशीत त्या गाठीही दिसल्या, पण चिलटं मजेत! गाठी दिसल्या म्हणजे आजार झालाच असं नाही, हे त्यातून कळलं. पुढच्या वर्षी ह्यूस्टनमधल्या गटाने ४८० आवर्तनं घातली तेव्हा डोळे आणि स्नायू दोन्ही झिजले. मग त्याच चिलटांना माणसाचं मसलब्लाइंड जास्तीचं दिलं, तर झीज कमी झाली. म्हणजे मास्टर कमी पडतोय हे निदान बरोबर होतं.

चिलटाच्या स्नायूंची तपासणी कशी करतात? अगदी साधी युक्ती आहे. काचेच्या नळीत चिलटं घ्यायची आणि नळी टेबलावर टकटक आपटायची. चिलटं तळाला पडतात. निरोगी चिलटं लगेच काचेवरून वर चढायला लागतात, तो त्यांचा स्वभावच. आजारी मागे राहतात. किती सेकंदांत किती चिलटं किती वर गेली हे मोजायचं. उडण्याचे स्नायू तर आणखी बोलके. सेकंदाला २०० वेळा पंख हलवणारे हे स्नायू ज्या ॲक्टिन, मायोसिन, ट्रोपोनिनचे बनलेले असतात, त्याच प्रथिनांची भावंडं आपल्या दंडात आणि हृदयात आहेत. माणसाच्या आजारांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचं भावंड चिलटात सापडतं.

या कामात आपलाही वाटा आहे. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला आणि पुढे तिथे चिलटं आली. त्यांचे विद्यार्थी विजयराघवन यांनी नंतर बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये चिलटाचे उडण्याचे स्नायू घडतात कसे, यावर वर्षानुवर्षं काम केलं. कुलाब्याच्या समुद्राकडे तोंड करून कुणीतरी चिलटं मोजत बसलं होतं, हे मला उगाचच छान वाटतं.

औषधाचं काय, असा प्रश्न येणारच. माझ्या मावशीचा तर तो पहिलाच प्रश्न असतो. व्हॅलेन्सियाचे रुबेन आर्तेरो, १९९७ च्या त्या मसलब्लाइंडच्या निबंधातले एक लेखक, आजाराच्याच मागे लागले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने आजारी चिलटांवर चाचण्या घेऊन सहा अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू निवडला, जो आरएनएचा तो आकडाच होऊ देत नाही. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. पेशीत मसलब्लाइंडचं उत्पादन दाबून ठेवणारे छोटे आरएनए असतात. त्यांना गप्प केलं तर मास्टर जास्त मिळतील ना? आधी चिलटांत करून पाहिलं, २०१८ मध्ये उंदरांत. त्याच वाटेवरच्या एका औषधाच्या रुग्णांवरच्या चाचण्या २०२४ मध्ये सुरू झाल्या. इतरही काही गट वेगळ्या वाटांनी माणसांपर्यंत पोचले आहेत. पण हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, आणि ज्यांच्या घरात तो आहे त्यांना चिलटाच्या कौतुकाने काही मिळत नाही, हेही खरं. चिलट रस्ता दाखवते, चालायचं माणसालाच.

तरी मला या साऱ्या इतिहासात औषधापेक्षाही एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९१८ ते १९९२ या काळात माहितीची कमतरता नव्हती. ती घराघरांत होती. आजीला माहीत होती, आईला माहीत होती. फक्त ती मांडायला जागा नव्हती. आपल्याकडे तर 'तुमच्या घराण्यात काही आहे का?' हा प्रश्न नेमका एकदाच विचारला जातो, लग्न जुळवताना. म्हणजे उत्तर देणाऱ्याला लपवायचं सगळ्यात मोठं कारण असतं तेव्हा. 'आत्याचे हात जरा कडक होते', 'आजोबांना चाळिशीतच मोतीबिंदू झाला', 'काका झोपेतच गेले' अशी वाक्यं माजघरात बोलली जातात आणि बैठकीत पुसली जातात. मुलगी सासरी जाते आणि तिच्याबरोबर अर्धी वंशावळ निघून जाते. पुढे एखादं बाळ लुळं जन्मतं तेव्हा दोष कुणाला लागतो हे मी सांगायला नको. आईला. खरं तर कुणाचाच दोष नसतो. तीन अक्षरं असतात, आणि नक्कल करताना अडखळलेलं एक यंत्र.

आणि आजचा डॉक्टर हृदयाचे ठोके वेळेवर तपासू शकतो, भूल देताना जास्त काळजी घेऊ शकतो, पुढच्या बाळंतपणाआधी तपासणी सुचवू शकतो. पण त्याला कुणीतरी आजोबांच्या मोतीबिंदूबद्दल सांगितलं तर!

म्हणून हे वाचणाऱ्या नातेवाइकांना, आणि ज्यांच्या घरात अजून एखादी आजी आहे त्या सगळ्यांना, एक विनंती. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही न्या. कोण कशाने गेलं, कुणाला काय दुखणं होतं, कितव्या वर्षी सुरू झालं, एवढंच विचारा आणि लिहून ठेवा. माहेरच्यांचंही लिहा, सासरच्यांचंही लिहा. न लाजता, न घाबरता. चिलटांच्या बाटलीवर कोणत्या आईबापांची कोणती पिल्लं, याची नोंद असते. आपल्याकडे निदान तेवढी तरी असावी.